पदर न अडकणारा पिंजरा

ईरप्पाला कुणी "हे जमेल का?" असं विचारलं की तो "जमेल का म्हणजे?" असं उलट विचारायचा. पंचवीस वर्षांचा हा शिरस्ता. काम कसलं, कशाचं, जन्मात कधी डोळ्यांनी बघितलंय का, हे सगळं नंतर. आधी होकार. मग गिऱ्हाईक बोळाच्या बाहेर गेलं की भिंतीला टेकायचं, तंबाखू मळायची आणि आता हे करायचं कसं, याचा विचार करत बसायचं. त्याची बायको नागव्वा म्हणायची, "तुमची जीब म्होरं पळती, आन तुमी मागनं चपला शोधत जाताव." हे ईरप्पाला मनातून पटायचं. पण पटलेलं सगळंच बोलून दाखवलं तर मग नवरेपणा कसला राहिला?

त्याचं दुकान बाळीवेशीच्या आतल्या बोळात, तोंडाशीच. खिडक्यांच्या जाळ्या, गॅलरीचे कठडे, फाटकं. निम्म्या सोलापूरच्या खिडक्यांना आपल्या जाळ्या आहेत असं तो सांगायचा. निम्म्या हा आकडा त्याचाच, मोजायला कोण जातंय. एवढं मात्र खरं की त्याच्या जाळीला जोड दिसत नसे. वेल्डिंग केल्यावर लोखंडावर जी खडबडीत, फुगीर ओळ उठते ती तो आधी ग्राइंडरनं घासायचा, मग कानशीनं, मग पॉलिशपेपरनं. त्यावर पुट्टी, पुट्टीवर रंग. गज कुठं संपला आणि पट्टी कुठं सुरू झाली हे ब्रह्मदेवाला सुद्धा सांगता आलं नसतं.

आणि आमच्याकडं जाळी पसंत करायची रीतही तशीच होती. घरातली बाई पुढं यायची, लुगड्याचा रेशमी पदर हातात घ्यायची आणि एकेका जोडावरून फिरवायची. इरकलीचा एक धागा अडकला तरी जाळी परत. बाकी कुणी काही तपासत नसे. ईरप्पाच्या जाळीला पंचवीस वर्षांत एक पदर अडकला नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, आणि कुणी न विचारता सांगायचा. स्वतःची आरती स्वतःच ओवाळायची म्हटल्यावर वेळकाळ कशाला बघायचा?

सत्त्याहत्तर सालचा डिसेंबर होता. आणीबाणी उठून आठ-नऊ महिने झाले होते आणि ज्याच्या जे मनात येईल ते तो करायला लागला होता. शिवयोगीच्या मनात मोटारीची शर्यत आली. शिवयोगी म्हणजे गल्लीतल्याच गुरप्पा आडत्याचा एकुलता एक मुलगा. गुरप्पा चार वर्षांपूर्वी गेले. मागं मार्केट यार्डातलं दुकान, बायको शरणम्मा, पंचवीस वर्षांचा हा मुलगा आणि एक दुधी रंगाची फियाट. दुकान शिवयोगी नीट चालवत होता. फियाट मात्र त्याला नीट चालवायची नव्हती.

"ईरप्पामामा, गाडीत पिंजरा बसवायचाय," तो एके सकाळी येऊन म्हणाला.

"पोपटाचा का कबुतराचा?" ईरप्पानं विचारलं.

"माझा."

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. पुण्याचा एक मोटार क्लब हौशी लोकांची शर्यत भरवत होता. संक्रांतीनंतरच्या रविवारी, मंद्रूपच्या अलीकडच्या मोठ्या माळावर, मातीतच. अट एकच होती, गाडीच्या आत लोखंडी पाइपांचा पिंजरा पाहिजे. गाडी उलटली तर टप चेपतं आणि आतल्या माणसाच्या डोक्याचा नारळ होतो. पिंजरा असला तर टप त्यावर टेकतं आणि माणूस वाचतो. त्यानं कुठल्याशा विलायती मासिकातलं एक पान आणलं होतं. त्यात एक गोरा माणूस पाइपांच्या आत बसून हसत होता. एक कमान सीटच्या मागं, एक पुढच्या काचेजवळ, दोन्हीला वरून जोडणारे आडवे पाइप आणि एक तिरका.

ईरप्पानं ते पान उलटं धरून बघितलं, सुलटं धरून बघितलं. असली वस्तू त्यानं बापजन्मात पाहिली नव्हती.

"असले दहा केलेत," तो म्हणाला.

"सोलापुरात?"

"बाहेरगावी."

शिवयोगीला हायसं वाटलं. ईरप्पाला नाही.

पण कामाला माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला पाहिजे. जाड नळाचा पाइप आणला. पाइप नुसता वाकवला तर मध्ये चपटा होतो, म्हणून त्यात कोरडी वाळू ठोकून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारली, भट्टीत लाल केला आणि हळूहळू वाकवला. कमानी अशा उतरल्या की बघत राहावं. शिवयोगीला स्टुलावर बसवून शिंप्यासारखी मापं घेतली. दारावरच्या आडव्या पाइपात एक छोटं कमळ बसवावं असं ईरप्पाला फार वाटत होतं. शिवयोगी नको म्हणाला. शर्यतीत कमळ बघायला कोण थांबतंय, असं त्याचं म्हणणं. ईरप्पा दोन दिवस फुरंगटून होता.

आठ जोडांचा पिंजरा पंधरा दिवसांत दुकानासमोर उभा राहिला. बोळातले लोक येऊन बघून जायचे. ईरप्पा प्रत्येकाला थांबवून विचारायचा, "जोड दाखव." कुणाला दाखवता येत नसे. मग गाडी आली, चौघांनी पिंजरा उचलला आणि दाराकडं नेला.

आता जाळी करणाऱ्या माणसाची अक्कल कशी चालते बघा. जाळी दुकानात करायची, उचलायची आणि खिडकीत नेऊन ठेवायची. खिडकी बाहेरून उघडीच असते. पंचवीस वर्षांत जाळी खिडकीपेक्षा मोठी झाली म्हणून आत गेली नाही असं कधी झालं नव्हतं. हा पिंजरा गाडीच्या आतल्या मापाचा होता, म्हणजे दारापेक्षा दुप्पट मोठा. तो दारातनं गेला नाही. मागच्या काचेतनं गेला नाही. आडवा करून, तिरका करून, गाडीला शिव्या देऊन गेला नाही. चौघांतला एक जण म्हणाला, "मामा, ते दहा कुठनं घातलेलाव?" ईरप्पानं आपल्याला ऐकू आलं नाही असं दाखवलं.

शेवटी पिंजरा कापावा लागला. सहा ठिकाणी कापला, तुकडे एकेक करून आत नेले आणि आत बसून परत जोडले. आठाचे चौदा जोड झाले. सगळ्या बोळानं बघितलेली ही फजिती ईरप्पाला लपवायची होती, म्हणून त्यानं ते जोड असे घासले, असे घासले की पूर्वी कुठली जाळी तशी घासली नसेल. गाडीच्या आत उकिडवं बसून, मान वाकडी करून, आठ दिवस. वर पुट्टी, पुट्टीवर चंदेरी रंग. पिंजरा कापला होता हे आता कुणाच्या बापाला कळलं नसतं.

शर्यतीआधीच्या गुरुवारी शरणम्मा स्वतः बघायला आल्या. दारातनं आत वाकल्या, पदर हातात घेतला आणि हात पोचेल त्या एकेका जोडावरून फिरवला. पदर पाण्यावरून जावा तसा गेला. त्या बाहेर आल्या आणि ईरप्पाकडं बघत राहिल्या.

"ईरप्पा, मला ही शर्यत अजिबात पसंत न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या मागं मला एकच हाय. पोरानं ऐकलं न्हाई. मी म्हणलं, पिंजरा ईरप्पा करत असला तरच जा. तुझ्यावर सोडलंय."

"निर्धास्त राहा आक्का," ईरप्पा म्हणाला. आणि तेव्हा तो खरंच निर्धास्त होता. त्याच्या मूर्खपणात खोटेपणा नव्हता, एवढं तरी त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

शनिवारी दुपारी शिवयोगी गाडीच्या दारावर नंबर रंगवून घ्यायला दुकानात आला होता. त्याच वेळी मंद्रूपचा कोंडीबा वेल्डिंगच्या काड्या घ्यायला शहरात आला होता आणि जाता जाता ईरप्पाकडं टेकला. कोंडीबा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचा. त्याचं वेल्डिंग म्हणजे भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या. ईरप्पा त्याला दर खेपेला त्यावरून चिडवायचा. शिवयोगी नंबर वाळताच गाडी घेऊन गेला, पण तेवढ्यात कोंडीबानं आत वाकून एका जोडावर अंगठा फिरवला होता.

"ईरप्पा, त्यो जोड कुटं हुता?" गाडी गेल्यावर त्यानं विचारलं.

"सापडला न्हाई ना? न्हाईच सापडायचा," ईरप्पा छाती काढून म्हणाला.

"सापडंना म्हणूनच इचारतोय. घासून काडलास व्हय?"

"मग? तुझ्यासारख्या गोवऱ्या थापून ठेवू?"

कोंडीबा रागावला नाही. त्यानं काड्यांचा पुडा काखेत मारला. "माज्या ट्रॉलीत मुरूम भरत्यात. वड्यातनं, दगडातनं जाती. गोवरी हाय म्हणून जाती. तू गोवरी खरवडून टाकलीस. मग पायपाला पायप धरलाय कशानं, रंगानं?"

असं म्हणून तो एसटी गाठायला गेला. खेड्यातला माणूस, त्याला फिनिशिंग काय कळणार, असं ईरप्पानं स्वतःला सांगितलं. पाच मिनिटांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा तो उठला. कामाच्या सुरुवातीला त्यानं नमुना म्हणून दोन तुकडे जोडून, घासून, रंगवून ठेवले होते. तो नमुना त्यानं बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि हातोडा घातला. एक. दोन. तिसऱ्याला तुकडा उडून कोपऱ्यात पडला.

त्यानं तो उचलून उजेडात धरला. लोखंडाला लोखंडानं धरलं होतं ते कांद्याच्या पापुद्र्याएवढं. बाकी सगळी पुट्टी. जी फुगीर ओळ तो पंचवीस वर्षं घाण म्हणून घासून काढत होता, जोर तिच्यातच होता. खिडकीच्या जाळीला कोण धक्का मारतंय, म्हणून कधी कळलं नाही. खरं म्हणजे पहिला विचार शिवयोगीचा यायला पाहिजे होता. पहिला विचार आला तो असा, की बरं झालं कोंडीबा गेला, त्यानं हे बघितलं नाही. ईरप्पा असा होता, त्याला काय करणार.

दुसरा विचार मात्र शिवयोगीचा आला, आणि तो आल्यावर ईरप्पा दुकान उघडं टाकून निघाला. तीन वाजले होते. गाडी परत आणली, सगळे जोड नव्यानं भरले, तर सकाळपर्यंत काम होण्यासारखं होतं. वाटेत त्यानं वाक्यसुद्धा जुळवलं, "तम्मा, एक चूक झाली, गाडी दुकानाला आण."

चौकात आला तर गाडी मधोमध उभी. बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे, समोर फुटलेला नारळ, चाकांखाली लिंबं. पन्नास-साठ माणसं. शाळेतनं निवृत्त झालेले आबासाहेब मास्तर गाडीत हात घालून लोकांना सांगत होते, "जोड दाखवा आणि माझ्याकडून बक्षीस घ्या." ईरप्पा दिसला तसा त्यांनी त्याला हाताला धरून पुढं ओढला, गळ्यात टॉवेल घातला, हातात नारळ दिला. "हा माणूस पुण्यामुंबईला असता तर आज मोठ्या कारखान्याचा मालक असता," असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिवयोगी हसत होता. शरणम्मा दारात उभ्या होत्या.

"दोन शब्द बोला, ईरप्पा," मास्तर म्हणाले.

ईरप्पानं तोंड उघडलं. जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. त्यानं त्या सगळ्या तोंडांकडं बघितलं.

"असले दहा केलेत," तो म्हणाला.

परत टाळ्या पडल्या. मग कुणीतरी चहा दिला, तो पिऊन तो घरी आला.

नागव्वा भाकरी करत होती. त्यानं टॉवेल आणि नारळ खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. ती भाकरी उलटायची थांबली.

"मग अत्ता जाऊन सांगा."

"उद्या सांगतो. आता लई लोक हायत तितं."

"उद्या त्याच्याहून जास्त असतील की."

हे ईरप्पाच्या लक्षात आलं नव्हतं. तो म्हणाला, सगळ्याच गाड्या काय उलटतात का? शंभरात एखादी. शिवयोगी जपून चालवतो. कदाचित गाडी सुरूच होणार नाही. नागव्वा त्याच्याकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी बघत राहिली.

"जाळी निखळली तर खिडकी राहती," ती म्हणाली. "हितं काय राहणार हो?"

ईरप्पा जेवला नाही. त्यानं सिद्धेश्वराला नवस केला, की उद्या गाडी सुरू होऊ देऊ नकोस. वास्तविक देवाकडं तोंड करून बोलण्यापेक्षा शिवयोगीचं घर जवळ होतं. चालत दोन मिनिटं.

रविवारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ईरप्पा ट्रकनं माळावर पोचला तेव्हा त्याच्या पिशवीत चार पौंडी हातोडा होता. आपण तो का घेतलाय हे त्यानं स्वतःला सांगितलं नव्हतं. कारागिराच्या पिशवीत हातोडा असायचाच, एवढंच.

माळावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. अकरा गाड्या, हजारभर माणसं, आणि शेंगा, भजी विकणारे. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा अर्धी इकडंच आल्यासारखी वाटत होती. क्लबचे एक टोपीवाले साहेब गाड्या तपासत होते. ईरप्पाच्या सगळ्या आशा त्या टोपीवर होत्या. हा शिकलेला माणूस आहे, ह्यानं शेकड्यानं पिंजरे बघितले असतील, हा एका नजरेत ओळखेल आणि गाडी बाजूला काढेल. म्हणजे आपल्याला बोलायला नको. साहेब शिवयोगीच्या गाडीत वाकले, बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "ब्युटिफुल. कुणी केलं हे?" शिवयोगीनं अभिमानानं ईरप्पाकडं बोट दाखवलं. साहेबांनी ईरप्पाशी हस्तांदोलन केलं आणि हातातल्या पाटीवर खूण करून पुढं गेले.

शर्यत दोन गटांत होती. शिवयोगी दुसऱ्या गटात. पहिला गट सुटला, धुरळा उठला. तिसऱ्या फेरीला, वळणावर, एक निळी गाडी एका बाजूच्या चाकांवर उचलली गेली, क्षणभर तशीच राहिली आणि आडवी पडून गडगडत गेली. दोनदा उलटली. टप चेपलं, काचा उडाल्या. माणसं धावली, ईरप्पाही धावला. गाडीतनं एक जाडा माणूस सरपटत बाहेर आला, उभा राहिला, पँट झटकली आणि चष्मा शोधायला लागला. त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. ईरप्पानं वाकून आत बघितलं. आतला पिंजरा काळाकुट्ट, जोडाजोडावर कोंडीबाच्यासारख्या गोवऱ्या. एकही हलला नव्हता.

ईरप्पा तिथनं वळला तो सरळ शिवयोगीच्या गाडीकडं. गाडी रेघेवर लागली होती. शिवयोगी आत बसला होता, डोक्याला हेल्मेट.

"तम्मा, उतर."

"काय झालं मामा?"

"पिंजरा कच्चा हाय."

शिवयोगी हसला. "ती गाडी उलटलेली बघून घाबरलाव काय तुमी? तुमचं काम हाय हे. त्याचं कुणीतरी साध्या वेल्डरनं केलंय."

"माझं काम कच्चं हाय म्हणून सांगलालोय मी. कच्चं हाय. उतर."

भोवती माणसं जमली होती, निम्मी बाळीवेशीतलीच. त्यांना मौज वाटली. "ईरप्पा आज लाजायला लागलाय की," कुणीतरी म्हणालं. "अजून तारीफ पाहिजे त्याला," दुसरा म्हणाला. आबासाहेब मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, मोठा कारागीर असाच विनयानं बोलतो. पंचवीस वर्षांत ईरप्पानं पहिल्यांदा आपल्या कामाबद्दल खरं सांगितलं आणि एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसेना. हे पीक त्यानंच लावलेलं होतं.

साहेबांनी शिट्टी तोंडात धरली. ईरप्पानं पिशवीतनं हातोडा काढला, उघड्या दारातनं हात घातला आणि शिवयोगीच्या डोक्याशेजारच्या जोडावर घाव घातला.

ठण्ण आवाज झाला. पाइपाला पोचा आला, जोड तसाच. आणि काय सांगावं, ईरप्पाला आनंद झाला. माझं काम टिकलं, असं त्याच्या मनात आलं. शिवयोगीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर हातोडा धरून हा माणूस स्वतःवर खूश झाला होता. मग त्याला स्वतःची एवढी शरम वाटली की दुसरा घाव दुप्पट जोरात पडला. शिवयोगी दुसऱ्या दारातनं बाहेर पडला, साहेब ओरडत आले, दोघांनी ईरप्पाला कमरेला धरलं. तिसरा घाव त्यानं तसाच घातला.

जोड उघडला. पुट्टीचा चुरा सीटवर सांडला आणि वरचा पाइप खाली लोंबायला लागला, बरोबर शिवयोगीचं डोकं होतं तिथं. धरणाऱ्यांनी ईरप्पाला सोडलं.

शरणम्मा गर्दीतनं वाट काढत आल्या. त्यांनी तो पाइप बघितला. रिकामी सीट बघितली. गाडीला धरून खाली मातीत बसल्या आणि रडायला लागल्या.

साहेबांनी पाटीवर फुली मारली. दुसरा गट शिवयोगीशिवाय सुटला. धुरळा खाली बसेपर्यंत शिवयोगी हेल्मेट हातात घेऊन उभा होता.

"तुमाला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"काल."

"काल कधी?"

"दुपारी. तीनच्या आत."

"म्हणजे चौकात आलतात तवा ठाऊक होतं?"

ईरप्पानं होकाराची मान हलवली.

"तवा सांगितलं असतं तर रातीतनं परत केलं असतं की आपण. मी आज पळालो असतो." शिवयोगीचा आवाज चढला नव्हता, म्हणून ऐकायला जास्त कठीण जात होता. "वर्षभर ह्याच्यासाठी झटलोय मी. का न्हाई सांगितलं?"

ईरप्पाच्या जिभेवर तीन कारणं तयार होती, आणि तिन्ही चांगली होती.

"लोकं चांगलं म्हणालती, तम्मा," तो म्हणाला. "मला ऐकायचं होतं."

शिवयोगीनं हातोडा उचलून त्याच्या हातात दिला. "उरलेले तेरा पण फोडा. माझ्यासमोर."

मग माळावर दोन खेळ सुरू झाले. तिकडं गाड्या फिरत होत्या आणि इकडं ईरप्पा आपलं काम फोडत होता. थोड्या वेळानं निम्मी माणसं शर्यत सोडून इकडं आली आणि तुटलेले जोड मोठ्यानं मोजायला लागली. पाच. सहा. प्रत्येक घावाला ईरप्पाला वाटायचं, हा तरी राहू दे. सात. आठ. पुट्टीनं त्याचं तोंड पांढरं झालं. मास्तर कधीच निघून गेले होते. बारा झाले.

शेवटचे दोन सीटच्या मागं, खाली, जमिनीजवळच्या कोपऱ्यात होते. ईरप्पानं गुडघ्यावर बसून घाव घातला. हातोडा उलटा आला. परत घातला, परत आला. दहा घातले, पंधरा घातले, हातोड्याचा दांडा ढिला झाला. मोजणारे वाकून आत बघायला लागले. शिवयोगी आत आला, अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालून त्यानं दोन्ही जोड चाचपले. बोटाला खरचटलं. रंग नव्हता, पुट्टी नव्हती. काळे, ओबडधोबड, फुगलेले जोड होते.

"हे कुणी केले?"

"मीच," ईरप्पा म्हणाला.

"मग हे असे कसे?"

ईरप्पा घाम पुसत खाली बसला.

"तितं कुणाचं लक्ष जाणार न्हवतं, म्हणून घासले न्हाईत."